विराम चालू आहे

आमच्या सरांना गेल्या वीस-बावीस वर्षांत कुणीही, कुठंही, 'काय चाललंय' असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर असे. "विराम चालू आहे." किराणा दुकानात हेच, दवाखान्यात हेच, मयतीला गेले तरी हेच. विचारणाऱ्याला वाटायचं, माणूस आजारपणाच्या रजेवर असेल. एकदा पाटोद्याच्या बसस्टँडवर एका म्हाताऱ्यानं त्यांना फार आपुलकीनं सांगितलं, की त्याच्या जावयालाही हेच झालं होतं आणि नगरच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी गुण आला. सर त्याला हेवी मेटल म्हणजे काय ते समजावून सांगत बसले आणि म्हाताऱ्याची एसटी निघून गेली.

विराम होता तो आमच्या बँडचा. बीड जिल्ह्यात हेवी मेटल वाजवणारा एक बँड होता हे वाचून तुम्हाला हसू येत असेल तर मोकळेपणानं हसून घ्या, आम्हीही नंतर पुष्कळ हसलो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात गिटार अशी वाजवायची की ती बिघडली आहे असं वाटावं. ड्रम असे बडवायचे की शेजारचं गावही उठावं. गाणं पोटातून गुरगुरून म्हणायचं आणि म्हणताना लांब केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवायची. होस्टेलवर एकजण पुण्याहून अशा गाण्यांची एक कॅसेट घेऊन आला होता. आम्ही ती ऐकली आणि डोकं धरून बसलो. सरांनी ती ऐकली आणि आयुष्य तिच्या स्वाधीन केलं.

आम्ही तिघं होतो. सर गिटार वाजवायचे आणि गायचे. ड्रमवर आमचा एक मित्र होता, त्याचा आता मांजरसुंब्याला ढाबा आहे. बेस गिटारवर मी होतो, माझं आता पाटोद्यात पाइपांचं आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. बेस गिटार बंद पडली तरच ती वाजत होती हे लोकांना कळतं असं म्हणतात. आमच्या बँडमध्ये ती बंद पडली तरी कळायचं नाही.

सर म्हणजे काही आम्हाला शिकवायला नव्हते. ते वर्गात माझ्याच बाकावर बसायचे आणि परीक्षेत माझ्याच पेपरात बघायचे. पुढं ते एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. परीक्षानळ्या धुणारा माणूससुद्धा आमच्याकडं सरच असतो, म्हणून ते गावाचे सर झाले. हळूहळू आम्हीही त्यांना सर म्हणायला लागलो. आधी चिडवायला म्हणत होतो, मग ते अंगवळणी पडलं.

बँडचं नाव होतं 'दगडफेक'. नाव सरांनीच काढलं होतं. मेटल म्हणजे धातू, धातू निघतो दगडातून आणि तो आपण पब्लिकच्या कानावर फेकायचा, असा त्यामागचा विचार त्यांनी आम्हाला होस्टेलच्या गच्चीवर समजावून सांगितला. मग 'धातूफेक' का नको, असं ड्रमवाल्यानं विचारलं. सर त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. कॉलेजच्या गॅदरिंगच्या दिवशी सरांनी दर्शनी फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आज संध्याकाळी मैदानावर दगडफेक. सर्वांनी अवश्य यावे.' सर्वांच्या आधी पोलिसांची गाडी आली. तरीही प्राचार्यांनी मोठ्या मनानं आम्हाला स्टेजवर चढू दिलं. गाण्याचा दुसरा भाग सुरू झाला तेव्हा तितक्याच मोठ्या मनानं त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

दुसरा भाग म्हणालो, कारण आमचं गाणं एकच होतं आणि त्याचे सात भाग होते. गाण्याचं नाव 'जडधातू'. सर रसायनशास्त्राचे, त्यामुळे हेवी मेटल या शब्दाचा त्यांनी शब्दशः अर्थ घेतला होता. गाण्यात शिसं, पारा, जस्त, कथील अशी एकेका धातूची नावं एकामागून एक गुरगुरलेली होती. प्रत्येक भागात तीच नावं निराळ्या क्रमानं यायची. सहाव्या भागानंतर एक मोठी शांतता होती आणि मग सातवा भाग. सरांच्या म्हणण्याप्रमाणे खरं गाणं त्या सातव्या भागातच होतं, आधीचं सगळं त्याच्याकडं जायचा रस्ता होता. रस्ता इतका लांब कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून मी बेंजोवाला झालो.

बेंजोवाला ही सरांची सगळ्यात जहरी शिवी. लग्नाच्या वरातीपुढं जी बेंजो पार्टी वाजते, तिच्यावर त्यांचा जन्माचा दावा होता. संस्थाचालक बेंजोवाला, तहसीलदार बेंजोवाला, टीव्हीवर गाणारे झाडून सगळे बेंजोवाले. लोक आपलं गाणं का ऐकत नाहीत याचंही उत्तर त्यांच्याकडं तयार असे. "पब्लिकचा कान अजून दुधाचा हाय बे. पडू दे एकदा, मग बघ." तो कान पडायची वाट बघत आमचं तरुणपण गेलं.

गॅदरिंगनंतर आम्ही एका मित्राच्या लग्नात वाजवलं. तिथं तिसऱ्या भागापर्यंत पोचलो. मग नवरदेवाच्या मामानं सरांच्या गिटारीची वायर उपटली आणि त्या जागी मंगलाष्टकांचा माईक लावला. म्हणजे 'जडधातू' पुरं असं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. आणि सर तर म्हणायचे, पुरं गाणं ऐकल्याशिवाय कुणाला आमच्याबद्दल बोलायचा अधिकार नाही. त्यामुळे आमच्याबद्दल बोलायचा अधिकार जगात कुणालाच नव्हता आणि सर त्यात सुखी होते.

सुखी म्हटलं खरं, पण ते तसं पूर्ण खरं नाही. सातवा भाग माणसांसमोर एकदा तरी म्हणायचा राहिला, ही गोष्ट त्यांच्या घशात हाडकासारखी अडकली होती. प्रयोगशाळेत एकटे असले की ते बेसिनपुढं उभं राहून तो म्हणायचे. शिपाई सांगायचा, सरांना पित्ताचा लई त्रास हाय.

बँड मोडला तो काही भांडणानं नाही. आमचा ड्रमसेट एका वाजंत्री पार्टीचा होता. लग्नसराई सुरू झाली आणि ते तो घेऊन गेले, एवढंच झालं. पण सरांनी गावातल्या एका वर्तमानपत्राला निवेदन दिलं, 'दगडफेक बेमुदत स्थगित. चाहत्यांनी संयम राखावा.' कुठल्याशा मोर्चाच्या बातमीखाली ते छापूनही आलं. दुसऱ्या दिवशी शांतता समितीच्या एका ज्येष्ठ सदस्यानं सरांना रस्त्यात गाठून त्यांचा हात हातात घेतला आणि समंजसपणाबद्दल आभार मानले.

तर असा तो विराम. विराम म्हणायचं, बंद नाही. ड्रमवाला एकदा चुकून 'आपण बँड बंद केल्ता तवा' असं म्हणाला, तर सर ताटावरून उठले. त्याच्याच ढाब्यावर, त्याच्याच शेवभाजीवरून.

विरामाच्या काळात सरांनी दोन गोष्टी जिवापाड जपल्या, केस आणि आवाज. केसांवरून संस्थाचालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. हे गृहस्थ राजकारणातले, समोरच्याला उभं ठेवून बोलणारे. कॉलेजात हे नाटक चालायचं नाही, उद्या केस कापून या, असं त्यांनी फर्मावलं. सर देवाबिवाला मानणारे नव्हते. पण केस जाणार म्हटल्यावर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नवस हाय, साहेब. देवीचा." संस्थाचालक खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी हात जोडले. त्या दिवसापासून केसांना कुणी हात लावला नाही. गल्लीतल्या बायका मात्र सर समोरून आले की डोक्यावरचा पदर सारखा करायला लागल्या. सरांनी खुलासा केला नाही. केस वाचले होते, तेवढ्यावर ते खूश होते.

आवाजासाठी ते पावसाळ्यात कपिलधारला जायचे. वरून धबधबा कोसळत असायचा आणि सर खाली उभं राहून त्याच्यावर गुरगुरायचे. पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढला पाहिजे, असा त्यांचा सराव होता. दर्शनाला आलेली माणसं लांबून नमस्कार करून जायची. मी एकदा सोबत गेलो होतो. एका बाईनं सरांच्या पुढं दोन केळी ठेवली आणि मला हळूच विचारलं, बाबा किती वर्षांपासून मौनात हायेत.

बाकीच्या वर्षभराचा सराव गिरणीत. सरांचं कॉलेज विनाअनुदानित होतं. म्हणजे रोज वेळेवर जायचं, सही करायची, परीक्षानळ्या धुवायच्या आणि महिनाअखेरीला संस्थेच्या भवितव्याविषयी भाषण ऐकून हात हलवत घरी यायचं. वर्षानुवर्षं त्यांनी ते केलं. घर चालवलं वहिनींनी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी होती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ज्वारी, बाजरी, गहू, हळद. गिरणीच्या आवाजावर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून वहिनींचा आवाज असा झाला होता, की त्या घरात मीठ मागायच्या आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कळायचं. सर मागच्या खोलीत गिटार लावायचे. गिरणी चालू असली की शेजाऱ्यांना त्रास नाही, हा हिशोब. कधी गिरणी अचानक बंद व्हायची आणि गिटार चालूच राहायची. तेव्हा दळण घेऊन आलेली बाई काळजीनं म्हणायची, "वैनी, बेरिंग गेलं वाटतं." वहिनी म्हणायच्या, "बेरिंग न्हाई, आमचे सर हायेत." त्यात राग नसायचा, ताप आलेल्या पोराबद्दल बोलावं तसं त्या बोलायच्या.

गेल्या वर्षी कॉलेजला अनुदान मिळालं. पगार सुरू झाला. वहिनींनी त्या दिवशी गिरणी बंद ठेवली, अंगावरचं पीठ धुऊन काढलं आणि गल्लीत पेढे वाटले. मलाही दिला. त्यांचे हात एरवी कोपरापर्यंत पांढरे असायचे, ते स्वच्छ बघून मला त्या कुणी दुसऱ्याच बाई वाटल्या. त्याच संध्याकाळी सर माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "विराम संपला."

मला वाटलं, पगाराबद्दल बोलत असतील. तसं नव्हतं. एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला होता. तिथं एका हॉटेलात आठवड्यातून एकदा असले बँड वाजवतात, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. तेवढ्या वाक्यावर सरांनी पुणे, मुंबई आणि पुढं परदेश असा सगळा बेत आखला होता. नवरात्रात एक कार्यक्रम इथं करायचा, आपल्या मातीत, मग सोमवारी नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि तिघांनी पुणं गाठायचं. मी म्हणालो, "सर, आत्ता कुठं पगार सुरू झालाय." त्यावर ते माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "म्हणूनच तर. बिनपगारी असताना सोडली असती तर लोक म्हणले असते, पोट भरंना म्हणून सोडली. आता सोडली तर म्हणतील, कलेसाठी सोडली." मी ढाब्यावर फोन लावला. ड्रमवाल्याला सगळं सांगितलं. आम्ही दोघंही हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर सरांनी का नाही ते विचारलं असतं, आणि सर विचारायला बसले की दुपार जाते.

सराव ढाब्याच्या मागच्या शेडमध्ये सुरू झाला. ड्रमवाल्याचं पोट आता ड्रमच्या आधी पोचत होतं. दुसऱ्या भागात त्याला दम लागायचा आणि तिसऱ्या भागात गल्ल्यावरून हाक यायची. माझी बोटं पाइप कापून कापून राठ झाली होती, तारा कुठं आहेत ते बघून घ्यावं लागायचं. आमच्यात फक्त सरांचं काही गेलं नव्हतं. केस पांढरे झाले होते, पण होते तेवढेच होते आणि आवाज तर आधीपेक्षा खोल गेला होता. मला हे कबूल करायला जड जातं, पण माणूस तयारीचा होता.

स्टेज मिळालं ते नवरात्र मंडळाचं. मंडळाचा अध्यक्ष सरांचाच विद्यार्थी, पुढच्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत असलेला. गर्दी जमवणारा कुठलाही कार्यक्रम त्याला चालणार होता. सरांनी स्वतः मजकूर लिहून फ्लेक्स करून घेतला आणि चौकात लावला. 'प्रदीर्घ विश्रांतीनंतर पुन्हा एकदा दगडफेक! रविवारी सायंकाळी, देवीच्या मंडपासमोर.' खाली आमच्या तिघांचे गॉगल घातलेले फोटो.

दुपारपर्यंत ठाण्यातून बोलावणं आलं. जमादार वयस्कर होते, सज्जन होते. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि मग कळवळून म्हणाले, "सर, तुमी शिकलेले माणसं. तुमाला जे करायचं ते करा, पण बोर्ड लावून कशाला करता? वर फोटो बी तुमचेच." सरांनी त्यांना बँड म्हणजे काय ते सांगितलं. मग मेटल म्हणजे काय ते सांगितलं. जमादारांचे दोन भाऊ खडीच्या क्रशरवर कामाला होते, त्यांना मेटल म्हणजे रस्त्यावर टाकायची खडी एवढंच माहीत. खडी म्हणताहेत, दगडफेक म्हणताहेत आणि वर तारीखवेळही देताहेत, म्हटल्यावर ते जास्तच काळजीत पडले. शेवटी अध्यक्षानं मध्ये पडून मिटवलं. संध्याकाळी त्याच जागी नवा फ्लेक्स लागला. 'देवीचा महाजागर. सादरकर्ते : सर आणि पार्टी.'

जागर हा शब्द सरांना लागला नाही. पार्टी लागला. बेंजो पार्टी असते तशी पार्टी. दोन दिवस ते जेवले नाहीत म्हणे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वहिनी दुकानात आल्या. पापण्यांवर पीठ तसंच होतं, गिरणी सोडून आल्या होत्या. काही घ्यायला आल्या असतील म्हणून मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. तुमी दोघं जाणार हाय का पुण्याला?" मी शेल्फवरचे पाइपांचे एल्बो नीट लावायला लागलो. माझ्या हातांकडं बघत त्या म्हणाल्या, "कळालं." मग जाता जाता, "तुमी त्येंला सांगत न्हाईत. मी सांगते तर गिरणी चालू हाय म्हणतेत, ऐकू येत न्हाई. एवढ्या वर्षानं दोन पैसे घरात आलेत, भाऊजी. मला बी जरा बसू द्या की." मला खरोखर लाज वाटली. दुपारी मी सरांना फोन केला आणि गिटारच्या तारा कुठल्या आणायच्या ते विचारून ठेवून दिला.

रविवारी आरती झाली आणि आम्ही स्टेजवर चढलो. पुढं सतरंजीवर बायका, मागं बाप्ये उभे, कडेला फुगेवाले. जागर म्हणून आलेली ही माणसं. अध्यक्षानं सरांच्या नवसाचा उल्लेख करून चार शब्द सांगितले, तेव्हा लोकांनी सरांच्या डोक्यावरच्या अंबाड्याकडं आदरानं बघितलं. मग सरांनी पहिली तार छेडली.

पहिला भाग कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. लेकरं कान धरून रडायला लागली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. फुगेवाल्यानं दोरी गुंडाळायला घेतली. दुसऱ्या भागात मागची माणसं पांगायला लागली आणि मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर अध्यक्ष हसऱ्या चेहऱ्यानं स्टेजच्या कडेनं स्विचबोर्डकडं निघाला होता. मी मनात म्हटलं, झालं, आता घरी जाऊ. खरं सांगतो, मला हायसंही वाटलं. सरांनीही त्याला बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले, मान एक हिसका देऊन मागं टाकली आणि अंबाडा सुटला.

पांढरेशुभ्र केस कमरेपर्यंत. ते गरागरा फिरायला लागले आणि त्या फिरण्यातून तो पोटातला आवाज यायला लागला. हेवी मेटलमध्ये हे असंच असतं, सगळ्या जगात लोक तिकीट काढून हे बघतात. पण आमच्याकडं केस मोकळे सोडून मान फिरवायला एक शब्द फार आधीपासून आहे. घुमणं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "वारं आलं गं बाई. सरांच्या अंगात आलं."

पुढचं सगळं फार भराभर झालं. बायका उभ्या राहिल्या. हात जोडले गेले. पांगलेली माणसं पळत परत आली. अध्यक्षानं स्विचवरचा हात काढला, पायातल्या चपला काढल्या आणि तिथंच उभा राहिला. कुणीतरी आमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर नारळ फोडला. ड्रमवाल्यापुढं हळद पडली. तो घाबरून जास्त जोरात वाजवायला लागला आणि लोकांना त्यात संबळ ऐकू आला. तिसरा भाग झाला, चौथा सुरू झाला. पोरं हाताशी धरून एकेक जण स्टेजपुढं येऊन प्रश्न विचारायला लागला. एका बाईची म्हैस हरवली होती. "आई, माजी म्हैस कवा दिसंल?" नेमकं तेव्हा सर गुरगुरले, "शिसंऽऽ." तिला ऐकू आलं 'दिसंल'. ती रडत पाया पडली. एकानं विचारलं, बोअरला पाणी किती फुटांवर लागेल. गाण्यात पारा आला. त्यानं 'बारा' ऐकलं आणि बाराशे फूट समजून त्याचं तोंड उतरलं. तेवढ्यातही किती पाइप लागेल, ते माझ्या मनात येऊन गेलं.

पाचव्या भागात सरांनी डोळे उघडले. समोर आख्खं गाव हात जोडून उभं होतं. एकही माणूस हलत नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं, की त्यांना कळलं. ही माणसं गाणं ऐकायला थांबलेली नाहीत. एरवी बसस्टँडवरच्या म्हाताऱ्याला अर्धा तास मेटल समजावणारा हा माणूस. माईक त्यांच्या तोंडापुढं होता. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. सरांनी डोळे परत मिटले आणि सहावा भाग सुरू केला. मला त्यांचा राग आला. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, हे कळून जास्तच राग आला.

सहावा भाग संपला. आता ती मोठी शांतता आणि मग सातवा. सर डोकं खाली घालून उभे होते, केसांतून घाम आणि गुलाल गळत होता. त्या शांततेत वहिनी स्टेजवर चढल्या. नवी साडी, हातात कुंकवाचा करंडा. त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर मळवट भरला, पायांवर डोकं ठेवलं आणि उठून हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना माईक लागत नव्हता.

"आई, एक इचारायचं हाय. आमच्या सरांना आता कुटं पगार सुरू झालाय. ते म्हणतेत, उद्या राजीनामा देतो आन पुण्याला गाणं म्हणायला जातो. माजं ते ऐकत न्हाईत. तू सांग. त्येंनी नोकरी सोडावी का न्हाई?"

सगळ्यांना ठाऊक होतं की हेच ते सर. पण त्या वेळी ते सर नव्हते आणि विचारणारी बाई देवीला विचारत होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वहिनींचा त्यावर विश्वास होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांचे डोळे कोरडे होते आणि त्या नवऱ्याच्या तोंडाकडं सरळ बघत होत्या. मी आणि ड्रमवाला खाली बघत होतो. अध्यक्ष अनवाणी, पण स्विचबोर्डच्या शेजारीच उभा होता. सर 'मीच आहे, देवीबिवी काही नाही' म्हणाले असते, तर त्याचा हात तिथं पोचायला वेळ लागला नसता. सातवा भाग अजून म्हणायचा होता.

"सांग आई," वहिनी म्हणाल्या. "समदे ऐकायलेत."

सरांनी बायकोकडं बघितलं. मग समोर हात जोडलेल्या त्या गर्दीकडं बघितलं. माईक वर उचलला, तोंडाशी नेला आणि पोटातून, अगदी खालून आवाज काढला.

"न्हाऽऽई."

गर्दीतून उदो उदोचा गजर उठला. वहिनींनी परत एकदा पायांवर डोकं ठेवलं, या वेळी जरा जास्त वेळ, आणि खाली उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. सरांनी वळून ड्रमवाल्याला मान हलवली. सातवा भाग सुरू झाला. त्याच्याबद्दल मी आजवर इतकी टिंगल केली, पण तो चांगला होता. खरंच चांगला होता. एवढ्या वर्षांत मीसुद्धा तो पहिल्यांदाच पुरा ऐकला. शेवटची तार विरेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही.

नंतर सर स्पीकरच्या खोक्यावर बसून राहिले. पायाशी खण, नारळ आणि लिंबांचा ढीग. अध्यक्ष पुढच्या मंगळवारी याल का म्हणून विचारून गेला. वहिनी पदराच्या टोकानं त्यांच्या कपाळावरचं कुंकू पुसत होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सरांनी बायकोला गाण्याबद्दल कधी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, तेही हळू आवाजात.

"पुरं झालं. कसं झालं?"

"देवी लई चांगली गायली," वहिनी म्हणाल्या. "तुमचा आवाज काय ऐकू आला न्हाई."